धूमाचा अभाव

आमच्या थोरल्या बंधूंची येझदी रोडकिंग मोटारसायकल अद्याप आमच्या वाड्यात आहे. बंधू निवर्तल्यास नऊ वर्षे झाली. याच गाडीवर ते परभणीहून थेट रामेश्वरास जाऊन आले होते. त्यामुळे घरात तिला वडीलधाऱ्या माणसाचा मान. म्हैसूरच्या ज्या कारखान्यात ती घडली, तो 1961 साली सुरू होऊन 1996 साली बंद पडला. तेव्हा मोडले ते सहजासहजी मिळावयाचे नाही, हे ध्यानी धरूनच आमचा पुतण्या तिची निगा राखतो.

गेल्या वैशाखात जिंतुरास मुंजीचे बोलावणे होते. पुतण्या चालवीत होता, आम्ही मागे बसलो होतो. झरी गाव मागे पडल्यावर आम्ही सहज वळून पाहिले व मोठ्या समाधानाने म्हणालो, "आज हिचा धूर अगदी गेला की रे!" वाऱ्यात त्यास ते ऐकू गेले नसावे. बोरीच्या अलीकडे इंजिनाचा आवाज एकाएकी जड झाला, मागचे चाक जागीच खिळले व गाडी घसरू लागली. पुतण्याने तत्क्षणी क्लच दाबला, म्हणून आम्ही दोघे धडपणे रस्त्याच्या कडेस उभे राहिलो. आणि आम्ही काय केले? "वडिलांची एवढी एक वस्तू, तीही तुला सांभाळता आली नाही!" असे भर उन्हात, चार वाटसरूंदेखत त्यास बोललो. तो गप्प राहिला.

गाडी टेंपोत घालून परभणीस आणली. मिस्त्रींनी तिची केलेली परीक्षा पाहण्यासारखी होती. क्लच दाबून किक मारली, ती सुखाने खाली गेली. क्लच सोडून मारली, ती दगडासारखी अडली. म्हणजे किक व गिअर निर्दोष, अडथळा इंजिनातच. आमच्या शास्त्रात यास अन्वयव्यतिरेक म्हणतात. मिस्त्री त्यास काहीच म्हणत नाहीत. मग त्यांनी प्लग काढला. सिलिंडरात पेट्रोल साचून पिस्टन अडला असता, तर आता इंजिन फिरावयास हवे होते, ते फिरेना. शेवटी सायलेन्सरची नळी उतरवून त्या तोंडातून बॅटरीचा उजेड टाकला व आम्हांस वाकून पाहावयास सांगितले. पिस्टनच्या अंगावर नखांनी ओरबाडल्यासारखे उभे चरे!

पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते; दोहोंमध्ये तेलाचा पातळ थर आहे तोवरच त्यांचे जमते. या टू-स्ट्रोक इंजिनात ते तेल पेट्रोलातच मिसळावे लागते, लिटरमागे सुमारे 40 मिलिलिटर. तेच जळून निळसर धूर निघतो.

"गुरुजी, वाटेत धूर दिसत होता का?" मिस्त्रींनी विचारले.

धूमावरून अग्नी ओळखावा, हे आम्ही तीस वर्षे मुलांना शिकविले. धूम नाही म्हणून तेल नाही, एवढे मात्र डोळ्यांनी पाहूनही आम्हांस उमगले नव्हते. मग सारेच आठवले. आदल्या सायंकाळी, पुतण्या कामावरून येण्यापूर्वी, त्यास मदत म्हणून टाकी आम्हीच भरून आणली होती. आमच्या नव्या स्कूटरीत पेट्रोलात काही मिसळावे लागत नाही. त्याच सवयीने तेलाची बाटली पेटीत तशीच राहिली. टाकीच्या तळाशी उरलेल्या जुन्या मिश्रणाच्या पुण्याईवर आम्ही बोरीपर्यंत पोचलो होतो.

पुतण्या तेथेच खाली बसून नटबोल्ट गोळा करीत होता. आम्ही विचारले, "तुला केव्हा कळले?"

"बोरीलाच, काका. पेट्रोल बोटावर घेऊन पाहिले. उडून गेले, बोट तेलकट झालेच नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही फार घाबरला होता."

त्या रात्री पंक्तीत, वहिनींसह सर्वांदेखत, आम्ही झाला प्रकार सांगितला. वहिनी वाढता वाढता थांबल्या व लेकाच्या पानात एक पोळी अधिक घातली, एवढेच.

सिलिंडर लेथवर बोअर करून घेतला असून, खटपटीअंती एक माप मोठा पिस्टनही मिळाला आहे. मुंजीचा अहेर अजून पोचवावयाचा आहे. नवा पिस्टन बसेपर्यंत गाडी सावकाश हाकावी लागते, म्हणून भल्या पहाटे निघण्याचे ठरले आहे. तेल मिसळतेवेळी पुतण्या आता माप धरावयास आम्हांसच हाक मारतो.