सकाळी सहाला छतावर!

पुण्यात पारा दहावर आला की आपण कानटोपी घालून फोटो टाकतो, ऑफिसात एसी बंद करा म्हणून मेल फिरतात. चालू द्या. मीही त्यातलीच!

गेल्या जानेवारीत लाहौलला, केलाँगजवळच्या एका गावात दहा दिवस राहिले. डोक्यात चित्र एकच : खिडकीबाहेर भुरभुरणारा बर्फ, हातात कॉफी, मांडीवर पुस्तक. पहिल्याच पहाटे घरमालकीण आंटींनी हातात फावडं दिलं. "चल, छतावर."

इथली जुनी घरं मातीच्या सपाट छपरांची. रात्रभर पडलेला बर्फ तसाच ठेवला तर दबून जड होतो, वितळला की आत झिरपतो. म्हणून ताजा असतानाच खाली ढकलायचा. अर्ध्या तासात माझी पाठ गेली. साठीच्या आंटी थांबल्याच नाहीत.

हिवाळ्यात सगळा संसार एका खोलीत. मधोमध तंदूर... आपला रोटीवाला नव्हे हं, ही धुराडं असलेली पत्र्याची शेगडी. तिच्याभोवती जेवण, झोप, गप्पा, विणकाम. लाहौली मोज्यांना जीआय टॅग आहे हे वाचलं होतं; एका जोडीला किती संध्याकाळी लागतात, ते तिथं कळलं. नळ गोठू नये म्हणून बारीक धार चालूच. आणि लाकडाची चिंता उन्हाळ्यातच करून ठेवायची.

ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला. त्याआधी रोहतांग बंद झाला की महिनोन् महिने बाहेर पडायला हेलिकॉप्टर, तेही हवा असेल तर. आंटींचे वडील अशाच एका फेब्रुवारीत आजारी पडले. नंबर लागला होता, हवा उघडली नाही. एवढंच सांगून त्यांनी तंदूरमध्ये लाकूड सरकवलं.

आता नऊ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की मनालीची बाजू. दवाखाना आवाक्यात आला. हिवाळ्यापुरतं कुल्लूला जाऊन राहणंही सोपं झालं, त्यामुळे आंटींच्या शेजारी दोन घरांना कुलूप. त्यांची छपरं कोण साफ करतं? आंटीच! मुलगा कुल्लूहून रोज फोन करतो, इकडे ये म्हणतो. "गाय काय फोनवर दूध देणार?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

माझ्या निघायच्या दिवशी हिमस्खलनाच्या भीतीने रस्ता बंद. संपादकांना मेसेज टाकला, लेख दोन दिवस उशिरा येईल. आंटी मात्र खूश.

"बरं झालं. शेजारचं छप्पर राहिलंय."