नादारी

'नादारी' हा शब्द आता कॉलेजच्या नोटीस-बोर्डावर दिसत नाही. आमच्या घरात मात्र तो अजून जिवंत आहे. माझे आजोबा हायस्कुलात शिकत होते तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. ज्याच्या घरची परिस्थिती बेताची, त्या मुलाला फी माफ होई. त्या सवलतीला नादारी म्हणत. आजोबांना ती मिळाली होती. परंतु मंजूर झालेल्या मुलांची नावे भर वर्गात वाचून दाखविण्यात आली आणि मागच्या बाकावरचे कोणीतरी फिदीफिदी हसले. ते हसणे आजोबा जन्मभर विसरले नाहीत. पुढे माझे अप्पा दहावी पास झाले. उत्पन्नाचा दाखला आणला तर सवलत मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले. आजोबा म्हणाले, "माझ्या पोराचं नाव त्या यादीत नको." नाव यादीत गेले नाही आणि कॉलेजच्या पटावरही गेले नाही. अप्पा वीटभट्टीवर गेले.

ही हकीकत मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हती. कळली ती एका अर्जामुळे.

आमचे गाव खानापूर तालुक्यात. पावसाळ्यात एस.टी.चा भरवसा नाही, म्हणून मी बेळगावात दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. अशा मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी कर्नाटक सरकारची 'विद्यासिरी' योजना आहे. राहण्या-जेवणाच्या खर्चाला दरमहा 1500 रुपये, वर्षातून दहा महिने, म्हणजे 15000 रुपये. मी अर्ज केला तेव्हाचा हा आकडा आहे. खोलीचे भाडे आणि खाणावळीचे बिल यांची तोंडमिळवणी करताना रडकुंडीला येणाऱ्या मुलीला ही रक्कम केवढी वाटते, हे बाहेर राहून शिकणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. त्यातली एक अट अशी की, घरचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत हवे. त्यासाठी नाडकचेरीचा दाखला लागतो.

अर्ज दिला. चौकशीसाठी तलाठी घरी आले. त्या वेळी आमच्या कट्ट्यावर शेजारची चार माणसे बसलेली होती. तलाठ्यांनी विचारले, "वर्षाचं उत्पन्न किती?" अप्पांनी एकदा कट्ट्याकडे पाहिले, पटका सारखा केला आणि म्हणाले, "देवाच्या दयेनं कायबी कमी न्हाई, सायेब. तीन-साडेतीन लाख सहज सुटत्यात."

मी आत चहा करीत होते. कप हातातून पडायचाच राहिला.

दाखला आला तो कन्नडमध्ये. माझे कन्नड बाजारापुरते. आमच्या कॉलेजच्या कन्नड विभागातल्या मैत्रिणीने तो वाचला आणि म्हणाली, "अगं, तुम्ही तर श्रीमंत आहात!" आम्ही दोघी हसलो. मग ती गंभीर झाली. या आकड्यावर अर्ज टिकणार नाही आणि असा दाखला पाच वर्षे चालतो, म्हणजे माझी पदवी होईपर्यंत हीच श्रीमंती मला पुरणार, असे तिने सांगितले.

शनिवारी घरी गेले. अप्पांना कसे सांगावे ते कळेना. जेवताना आईनेच विषय काढला. अप्पा म्हणाले, "चार माणसांत गरीब म्हणून सांगू?" तेव्हा आईने ताट बाजूला सारले आणि आजोबांची ती सगळी गोष्ट माझ्यासमोर सांगितली. शेवटी एवढेच म्हणाली, "त्यांनी मान राखला, तुमी भट्टीवर गेला. आता हिला कुठं धाडायची?"

अप्पा काही बोलले नाहीत. हात धुऊन अंगणात जाऊन बसले.

सोमवारी ते माझ्याबरोबर कचेरीत आले. टेबलापुढे उभे राहून त्यांनी हिशेब सांगितला. भाताची पंधरा पोती, त्यातली दहा घरात खायला. भट्टीवर चार महिने मजुरी. एका गाईचे दूध, तेही आटले की बंद. अप्पा सावकाश, एकेक गोष्ट आठवून सांगत होते. मी त्यांच्या मागे उभी होते. माणूस आपल्या आयुष्याचा हिशेब परक्यापुढे मांडतो तेव्हा त्याची पाठ कशी दिसते, हे त्या दिवशी मी पाहिले. कोणी हसले नाही.

नवा दाखला झाला, अर्ज मंजूर झाला. तरी पैसे येईनात. चौकशी केली तेव्हा कळले की रक्कम आधार क्रमांक जोडलेल्या खात्यातच जमा होते आणि माझे खाते मी जोडलेच नव्हते. तो घोळ निस्तरून पैसे यायला उन्हाळा उजाडला. अप्पांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "परत कधी द्यायचं?"

परत द्यायचे नसतात, हे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला. तो प्रश्न माझ्या मनातून मात्र गेला नाही. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठविले. त्या शिष्यवृत्तीला परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. ते 1917 मध्ये बडोद्याला नोकरीस गेलेही, परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना आणि ती नोकरी सोडावी लागली. तेच डॉक्टर आंबेडकर 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. 1944 पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या सरकारी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. पुढे निरनिराळ्या योजना आल्या आणि इतर मागास घटकांतली मुलेही त्यांत आली. राजाच्या मर्जीची गोष्ट अशी कायद्या-नियमाची झाली. माझ्या 15000 रुपयांना नोकरीची अट नाही. साबण विकत घेताना कर भरणारी माणसे ते देतात, आणि त्यांत भट्टीवरचे अप्पाही आहेत. मग हे दान कसे? पण फुकटचेही नव्हे. फेड कशी करायची, ते अजून मला ठरवायचे आहे.

यंदा आमच्या शेजारची मुलगी बारावी झाली. तिच्या वडिलांना दाखला काढायचा होता. कट्ट्यावर बसलेल्या त्या चौघांतलेच ते एक. परवा अप्पा त्यांच्याबरोबर कचेरीत गेले होते, असे आईने फोनवर सांगितले. वाटेत अप्पा त्यांना म्हणाले म्हणे, "हाय तेवढंच सांग. जास्त न्हाई, कमी न्हाई."

प्रथम वर्षाला आलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, मलाही याहून अधिक काही सांगायचे नाही. खाते मात्र आधीच जोडून घ्या.