शेवटची पंगत

न्यू जर्सीत सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की सगळ्यांना बागा आवरायची घाई होते. टोमॅटोचे वेल उपटले जातात, पाण्याचे पाइप गुंडाळून गॅरेजमध्ये जातात आणि सुपरमार्केटच्या दारात शेवंतीच्या गरगरीत कुंड्यांची रास लागते. इथे तिला ‘मम’ म्हणतात. प्रत्येक कुंडी साच्यातून काढल्यासारखी गोल, फूल इतकं गच्च भरलेलं की मधमाशीला तोंड घालायला फट नाही. हॅलोविनपर्यंत ती पायरीवर भोपळ्याशेजारी बसते आणि मग कचऱ्याच्या गाडीत जाते. ह्याच दिवसांत रेल्वेच्या रुळांलगत, हायवेच्या उतारावर, शाळेमागच्या ओसाड पट्टीत कोणी न लावलेला अॅस्टर जांभळा होऊन उभा असतो आणि बहुतेक गाड्या ताशी साठ मैलांनी त्याच्यावरून पुढे जातात.

मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर अॅस्टर म्हटल्यावर दादरचं फूलमार्केट येतं. दसऱ्याला झेंडूशेजारी टोपलीत जांभळी-गुलाबी-पांढरी फुलं असतात, हारात मधेमधे टोचलेली असतात, ती. तो चायना अॅस्टर, मूळचा चीनचा. एका हंगामाचं पीक. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचे ‘फुले गणेश पिंक’, ‘फुले गणेश व्हायोलेट’ असे वाणही काढलेत. अमेरिकेचा रानअॅस्टर त्याचा लांबचा नातेवाईक. हा बहुवर्षायू: हिवाळ्यात वरचं सगळं वाळतं, मुळं बर्फाखाली झोपतात आणि एप्रिलमध्ये जमिनीलगत हिरवे डोळे फुटतात. शास्त्रज्ञ पूर्वी ह्या सगळ्यांना एकाच ‘अॅस्टर’ प्रजातीत घालत. 1994 मध्ये गाय नेसम ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांची फेरमांडणी केली आणि अमेरिकन अॅस्टरांना सिंफायोट्रायकम, युरिबिया अशी जीभ अडखळवणारी नावं मिळाली. नर्सरीतला माणूस मात्र आजही अॅस्टरच म्हणतो, आणि मीही.

आमच्या अंगणात ह्यांचं एक छोटं कुटुंबच आहे. सगळ्यांत मानाचा न्यू इंग्लंड अॅस्टर. छाटला नाही तर माणसाएवढा वाढतो. खोडावर बारीक चिकट लव, पानं देठाशिवाय खोडाला दोन्ही बाजूंनी बिलगलेली, आणि फूल गडद जांभळं, मधोमध हळदीचं बोट लावल्यासारखं. ह्याला ऊन हवं आणि पायाशी ओल चालते. कुंपणाजवळच्या मेपलच्या सावलीत निळा वनअॅस्टर आहे. त्याची खालची पानं हृदयाच्या आकाराची आणि फुलं फिक्या निळ्या रंगाची, नखाएवढी, पण झुपक्याने येणारी. अगदी कोरड्या सावलीत, जिथे गवतसुद्धा नाक मुरडतं, तिथे पांढरा वनअॅस्टर बिनतक्रार पसरतो. ह्याचे काळपट देठ मला त्याच्या फुलांपेक्षाही आवडतात. आणि ड्राइव्हवेच्या फटीत एक लव असलेला पांढरा रानअॅस्टर आपणहून आला आहे. बागकामाची पुस्तकं त्याला जवळजवळ तणच समजतात. मी त्याला काढत नाही. सगळ्यांत जास्त गर्दी त्याच्याचकडे असते.

अॅस्टरची निगा म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी म्हणते, जूनमध्ये काळीज घट्ट करा आणि बाकी वर्षभर हात आवरा. जूनच्या पहिल्या आठवड्यात न्यू इंग्लंड अॅस्टर गुडघ्याच्या वर आलेला असतो, तरतरीत, हिरवागार. तेव्हाच तो निम्मा कापायचा. पाहणाऱ्याला वाटतं, हिचं डोकं फिरलंय. पण त्या कापाने एका शेंड्याचे चार शेंडे होतात, झाड बुटकं आणि घेरदार होतं आणि ऑक्टोबरच्या वाऱ्यापावसात आडवं पडत नाही. चार जुलैच्या सुमाराला कात्री मिटायची. त्यानंतर कापलं तर कळ्याच जातात.

माझ्या सासूबाई साताऱ्याच्या. सहा महिन्यांच्या मुक्कामाला आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. मी कात्री घेऊन बसले होते, त्या चहाचा कप घेऊन पायरीवर आल्या.

“काय गं, वाढतं झाड का कापतेस?”

“आई, हे असंच ठेवलं तर ऑक्टोबरात लोळतं. कापलं की फुटवे येतात.”

त्यांनी कप खाली ठेवला. “म्हणजे शेंडे खुडतेस म्हण की. आमच्याकडे शेवंतीचे नाही का खुडत? त्याला कात्री कशाला लागते?” आणि नखाने पटापट शेंडे मोडत त्या सगळी रांग पुढे घेऊन गेल्या. मी महागड्या कार्यशाळेत जे शिकले होते ते त्यांना परकरी वयापासून येत होतं. त्यांना एकच पटेना, की ह्याला खत का नाही. घरचं शेणखत पोत्यात भरून विकत मिळतं आणि ते घालायचं नाही, म्हणजे काय! पण खरंच, श्रीमंत मातीत हा माजतो. खोड उंच, पोकळ जोराचं होतं आणि फुलांच्या ओझ्याने मोडतं. आमच्या भागातली लालसर चिकणमाती त्याला पुरते. रुजलेल्या रोपाला कडक दुष्काळ सोडला तर पाणीही द्यावं लागत नाही. दोन-तीन वर्षांनी गड्डा मधून विरळ झाला की वसंतात कुदळीने त्याचे वाटे करायचे आणि कडेचे जोमदार तुकडे लावायचे, झालं. भुरी येते, येऊ द्यावी. रोपांत वारा खेळेल एवढं अंतर ठेवलं की तिचा जोर कमी होतो. ऑगस्टमध्ये खालची पानं करपून खोडं उघडी पडतात, ती झाकायला पुढे एखादं बुटकं झाड लावायचं. सशांना आणि हरणांना मात्र कोवळे फुटवे फार आवडतात. मेपर्यंत जाळी लावावी लागते; हरणांसाठी कोणी अजून उपाय काढला असेल तर मला कळवा.

एवढं सोसून मिळतं काय, ते पाहायला ऑक्टोबरातल्या एखाद्या थंड सकाळी, उन्हं यायच्या आधी झुडपापाशी उकिडवं बसावं लागतं. रात्री मिटलेल्या जांभळ्या पाकळ्या अजून पुरत्या उघडलेल्या नसतात. फुलाखाली, उलट्या लटकलेल्या, केसाळ बम्बल माश्या दिसतात. आपल्या भुंग्यासारख्याच दिसतात, पण अंगात पिवळी लोकर घातलेली. बहुतेक नर. त्यांना घर उरलेलं नसतं. पोळ्यातून बाहेर पडले की परत जायचं नाही, फुलावरच रात्र काढायची. पाठीवर दव, पाय आखडलेले. बोट जवळ नेलं तर मधला एक पाय संथपणे वर उचलतात, ‘जरा लांब राहा’ म्हटल्यासारखा. ऊन पोचलं की पंख न हलवताच छातीचे स्नायू थरथरवून अंग तापवतात आणि मग एकदम सगळ्या झुडपाचा आवाज सुरू होतो.

भिंगातून पाहिलं तर ज्याला आपण एक फूल म्हणतो ती भरलेली वसाहत निघते. कडेला जांभळ्या पाकळ्या, त्या प्रत्येकी एकेक फूल. मधला पिवळा गोल म्हणजे बारीक पेल्यांची गर्दी. हे पेले कडेकडून आत, एकेक फेरा करून उघडतात, त्यामुळे एकाच गोलात कडेला परागाने माखलेले आणि मध्यात अजून मिटलेले पेले दिसतात. परागीभवन आटोपलं की पिवळा रंग उतरून तो तांबूस-जांभळा होतो. माशी त्या जुन्या फुलाकडे ढुंकूनही पाहत नाही, सरळ पिवळ्याकडे जाते. झाड जणू पाटी फिरवून सांगतं, इथलं संपलं, पलीकडे बघा.

निसर्गाच्या ह्या जेवणावळीतली अॅस्टर ही शेवटची पंगत आहे. तिला उशीर झालेलेच बसतात, पण सगळ्यांत निकड त्यांचीच असते. बम्बल माश्यांचं पोळं एका हंगामाचं. कामकरी, नर, जुनी राणी सगळे थंडीत मरतात. उरतात फक्त नव्या, फळलेल्या राण्या, ज्या मातीत शिरून हिवाळा काढतात आणि पुढच्या वसंतात एकटीने नवं घर मांडतात. त्या झोपेपूर्वीची चरबी अंगावर चढवायची ती ह्याच फुलांवर. काही एकलकोंड्या रानमाश्या तर शरदातच जन्मतात आणि पिल्लांना अॅस्टर किंवा गोल्डनरॉडचाच पराग भरवतात. दुसऱ्या कुणाचा त्यांना चालत नाही. पर्ल क्रेसेंट नावाच्या छोट्या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या अॅस्टरची पानं खातात. कुरतडलेलं पान दिसलं की पूर्वी फवारा आठवायचा, आता भिंग आठवतं. आणि मोनार्क फुलपाखरं! सप्टेंबर-ऑक्टोबरात ती आमच्या राज्याच्या दक्षिण टोकाला, केप मे इथे, उपसागर ओलांडण्याआधी थव्याने थांबतात. पुढे मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांतल्या ओयामेल वृक्षांपर्यंत जायचं असतं. वाटेतला एखादा थांबा आमच्या अंगणात होतो, ह्याचा मला जरा जास्तच अभिमान आहे, हे कबूल.

अॅस्टर एकटा फुलत नाही, शेजारी बहुधा गोल्डनरॉड असतो. परागज्वराचं खापर लोक त्याच्यावर फोडतात. खरा गुन्हेगार रॅगवीड, जो वाऱ्यावर पराग उधळतो. गोल्डनरॉडचा जड, चिकट पराग माशीशिवाय कुठे जात नाही. जांभळं आणि सोनेरी ही जोडी इतकी देखणी का दिसते, हा प्रश्न रॉबिन वॉल किमरर ह्या पोटावाटोमी आदिवासी समाजातल्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी महाविद्यालयात प्रवेश घेताना विचारला होता. असलं सौंदर्य वगैरे म्हणजे शास्त्र नव्हे, असं उत्तर त्यांना मिळालं. पुढे 2013 मध्ये ‘ब्रेडिंग स्वीटग्रास’ ह्या पुस्तकात त्यांनीच त्याचं उत्तर लिहिलं: हे रंग एकमेकांना उठाव देणारे पूरक रंग आहेत, ते माणसाच्या आणि माशीच्याही डोळ्यांत भरतात, आणि दोघं शेजारी असली की माश्यांची ये-जा वाढते.

सासूबाईंना हे मी वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “ह्यात नवल ते काय? कासला जाऊन बघावं.” बरोबरच होतं. सप्टेंबरात कासच्या पठारावर सोनकीचा पिवळा गालिचा आणि त्यात गुलाबी-जांभळ्या तेरड्याचे पट्टे, अधेमधे सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ठिपके. सोनकी तर अॅस्टरच्याच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातली. तिथे फुलं पाहायला आज आधी नोंदणी करून तिकीट काढावं लागतं. इथे तीच रंगसंगती फुकट पडली आहे आणि लोक तण म्हणून तिच्यावर मशीन फिरवतात.

मशीनचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या वसाहतीतून हिवाळ्यात पत्र येतं, की समोरची वाळलेली झाडं काढा, अंगण अस्ताव्यस्त दिसतं. मी अंगणाच्या समोरच्या पट्टीला सरळ कडा काढल्या, दगडांची एक ओळ लावली आणि ‘इथे परागवाहकांसाठी झाडं आहेत’ अशी छोटी पाटी ठोकली. पत्रं कमी झाली, थांबली नाहीत. जवळच्या मेरीलँडमध्ये ह्यावरून कज्जा होऊन 2021 मध्ये कायदा झाला. हिरवळच ठेवा, असा आग्रह तिथल्या गृहसंघांना आता धरता येत नाही. आमच्याकडे तसा कायदा व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पानगळीत अंगण ‘स्वच्छ’ करणं ही मुळात वाईट सवय. वाळलेल्या बोंडांवर गोल्डफिंच आणि चिमण्या थंडीभर येतात, पालापाचोळ्याखाली राण्या झोपलेल्या असतात. वसंतात काड्या एकदम जमिनीसपाट न कापता हात-दीड हात ठेवल्या तर काही माश्या त्यांच्या पोकळीत अंडी घालतात.

तेव्हा इथल्या मराठी वाचकांना एकच विनंती. यंदा दाराशी ती गच्च शेवंती ठेवायचीच असेल तर ठेवा, पण शेजारी तुमच्या भागातल्या रानअॅस्टरचं एक रोप लावा. कीटकनाशक न मारलेलं आहे ना, हे नर्सरीत विचारून घ्या. बीच पेरायचं असेल तर बाहेर थंडीत पेरा, गारठ्याशिवाय ते नीट उगवत नाही. माझ्याकडचं बी हवं असेल तर नोव्हेंबरात निरोप द्या. त्यानंतर जे उरतं ते पाखरांचं.