एवढ्याशा रबराची चाचणी कोण घेतंय?

१४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. दरवर्षी या दिवशी बंब धुतले जातात, फवारे उडतात, आम्ही फोटो काढतो. यंदा मला फवाऱ्यांपेक्षा बीए सेटमधल्या रबराची जास्त काळजी आहे.

बीए सेट म्हणजे धुरात शिरताना जवान पाठीवर घेतो तो हवेचा सिलिंडर आणि तोंडावरचा मास्क. सिलिंडरात हवा ३०० बार दाबानं भरलेली असते. आपल्या कारच्या चाकात दोन-सव्वादोन बार असते, यावरून काय ते समजा. एवढा दाब जोडावर अडवून धरते रबराची एक ओ-रिंग, नळातल्या वायसरची चुलत बहीण. मध्ये वाळूचा कण आला, बारीक चीर पडली किंवा रबर दबून चपटं झालं, की हवा निसटते. अंगमेहनतीत भरलेला सिलिंडरही अर्धा तास पुरेल याची खात्री नसते. त्यात गळती म्हणजे जवानाचे मोजून ठेवलेले श्वास गेले.

चाचणी अवघड नाही. एका जवानानं मला करून दाखवली. वॉल्व्ह उघडून नळीत दाब भरू द्यायचा, वॉल्व्ह बंद करायचा आणि मिनिटभर गेज बघायचा. काटा १० बारपेक्षा जास्त उतरला तर सेट बाजूला. मग हवा हळूहळू सोडायची, ५०-६० बारच्या आसपास धोक्याची शिट्टी वाजलीच पाहिजे. हवा संपली की मास्कमधून श्वास ओढायचा, तो चेहऱ्याला चिकटला पाहिजे. झालं.

एका केंद्रातलं रजिस्टर मी चाळलं. तीन महिन्यांच्या नोंदी, एकच शाई, एकच अक्षर, प्रत्येक ओळीत 'ठीक'. काटा किती उतरला, तो आकडा कुठंच नाही. चाचणी झालीच नाही असं मी म्हणत नाही. पण आकडाच नसेल तर झाली हे तरी कशावरून मानायचं?

नवा बंब आला की नारळ फुटतो. ओ-रिंगच्या पाकिटासाठी कोण फोडणार?

म्हणून आपापल्या नगरपालिकेला तीनच प्रश्न विचारा: सेटची शेवटची चाचणी कधी झाली? काटा किती उतरला? सुट्या रबरांसाठी यंदा तरतूद किती? माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. माझा उद्या जातोय.