खेपेचा हिशेब

बायकांच्या डोक्यावरचं ओझं आपल्याला नवं नाही. वैरणीचा भारा, सरपणाची मोळी, पाण्याचा हंडा. पण ओझ्याचा मोबदला मागायची वेळ आली की एकटी बाई गप्प बसते. म्हणून अहमदाबादच्या कापडबाजाराची हकीकत मला फार आवडते.

तिथं बाया कापडाचे गठ्ठे डोक्यावरून दुकानोदुकानी पोचवत. मजुरी खेपेवर. अंतर किती, वजन किती, कुणी बघत नसे आणि खेपांची नोंदही नसे. मग हिशेबात पैसे कमीच पडायचे! १९७१ साली इलाबेन भट्ट यांनी हे वर्तमानपत्रात मांडलं. व्यापाऱ्यांनीही छापून उत्तर दिलं की, आम्ही रास्त मजुरी देतो. झालं! तेच उत्तर कार्डांवर छापून बायांना वाटलं गेलं. कमी पैसे पुढं करणाऱ्या शेटजींना त्यांचाच शब्द दाखवायचा. आहे की नाही गंमत?

त्याच वर्षी डिसेंबरात 'सेवा' संघटना निघाली. १९७४ साली चार हजार बायांनी दहा-दहा रुपये घालून स्वतःची बँकही काढली.

आपल्याकडं माथाडी-हमालांसाठी १९६९ चा कायदा आहे. पण कांदा निवडून गोण्या भरणाऱ्या आपल्या किती जणींजवळ गोण्यांचा आकडा लिहिलेला असतो? आमच्या आळीतल्या तिघी संध्याकाळी ओट्यावर बसून शाळेतल्या पोरीकडून तो वहीत लिहून घेतात. बाजाराच्या दिवशी मुकादम पैसे मोजायला लागला, की आधी वही उघडते.