जामिनाची सही

अँटॉप हिलच्या गोदामांच्या परिसरात पॅकिंगच्या साहित्याचा घाऊक व्यापार करणारे एक गृहस्थ आहेत. घेणेकऱ्याला दुसऱ्यांदा दारात येऊ द्यायचे नाही, ही वडिलांची शिस्त त्यांनी चाळीस वर्षे पाळली. धंदा स्वतःच्या भांडवलावर केला. जवळ एकच क्रेडिट कार्ड होते आणि त्याचे बिल मुदतीआधी भरले जाई. ‘माझ्या नावावर एका रुपयाचेही कर्ज नाही,’ हे ते अभिमानाने सांगत.

मुलाने वडाळ्यात घर पाहिले. गृहकर्जाच्या अर्जावर तो मुख्य अर्जदार आणि वडील सहअर्जदार झाले. आठवड्याने बँकेने दोघांना बोलावले. मुलाच्या कागदपत्रांत काही खोट नव्हती. अडचण वडिलांच्या गुणांकाची होती. सहा वर्षांपूर्वी त्यांनी मेहुण्याच्या दुकानाच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. त्या कर्जाचे चार हप्ते थकले होते आणि ती थकबाकी जामीनदाराच्याही अहवालात दिसत होती. गृहस्थ सही विसरून गेले होते. बँक विसरली नव्हती.

व्यापारी घरांत जामिनाची सही ही नात्याची रीत समजली जाते. लग्नाला जावे तसे सहीला जावे. कायदा मात्र तिला रीत मानत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे सही करणाऱ्याने स्वतःच्या हाती पैसा न येता कर्ज अंगावर घेतलेले असते.

पूर्वी पत माणसांच्या स्मरणात असे. हुंडी कोणाची सकारायची आणि कोणाची परत करायची, हे पेढीवरचे मुनीम ओळखीवर ठरवीत. आजारपण, पूर, मालाची नासाडी यांमुळे कोणी अडला तर बाजार कारण जाणून थांबत असे. आज पतीची वही वेगळ्या ठिकाणी लिहिली जाते. सिबिल ही संस्था २००० मध्ये स्थापन झाली; २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा आला. आता ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या हे काम करतात. गुणांक ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो. ही वही हप्त्याची तारीख, थकलेले दिवस आणि उरलेली रक्कम पाहते. हप्ता का थकला हे विचारत नाही.

मेहुण्याने एक मार्ग सुचवला. बँक तडजोडीने कमी रकमेत खाते मिटवायला तयार होती. व्यापाऱ्याला सूट म्हणजे लाभ वाटतो, म्हणून गृहस्थांनीही मान डोलावली. मुलाने चौकशी केली तेव्हा कळले की असे खाते ‘पूर्ण फेडले’ म्हणून नव्हे, तर ‘तडजोडीने मिटवले’ म्हणून नोंदले जाते. ती नोंद वर्षानुवर्षे राहते आणि पुढचा प्रत्येक कर्जदाता ती वाचतो.

रविवारी मेहुणा घरी आला. तो मान खाली घालून बसला. त्याच्या बहिणीने पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि एवढेच म्हटले, “अरे, अडलं होतं तर एक फोन करायचास. बँकेला कळलं, आम्हाला नाही.”

त्याच आठवड्यात चारही हप्ते व्याजासह भरले गेले. ती रक्कम घरच्या वहीत मेहुण्याच्या नावे लिहिली गेली. नाते राखायचे म्हणून हिशेब सोडला नाही. त्यानंतरचे हप्ते वेळेवर जात आहेत. गुणांक हळूहळू वर येत आहे. पाहिलेले घर मात्र तोपर्यंत दुसऱ्याने घेतले.

आता त्या घरात दर वर्षी दिवाळीपूर्वी, वह्यापूजनाच्या तयारीबरोबरच, प्रत्येकाचा पतअहवाल काढला जातो. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो आणि स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही. न घेतलेले कर्ज, फेडूनही चालू दिसणारे खाते किंवा विसरलेला जामीन आहे का, हे तपासले जाते. चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे. कार्डाची मर्यादा काठोकाठ वापरू नये, एकाच वेळी अनेक बँकांत अर्ज करू नये आणि कर्ज फिटल्यावर ‘येणे बाकी नाही’ असा दाखला जपून ठेवावा.

जामिनाला नकार द्यावा असे ते गृहस्थ आजही म्हणत नाहीत. अडलेल्या आप्ताला हात द्यावाच. परंतु सहीपूर्वी ते आता दोन गोष्टी विचारतात: हे कर्ज आपल्यालाच फेडावे लागले तर फेडता येईल का, आणि हप्ता चुकणार असेल तर हा माणूस आपल्याला आधी सांगेल का? संवत्सरीला क्षमा मागितली की माणसे मागचे विसरतात. पतीच्या वहीला क्षमा ठाऊक नाही; तिला वेळेवर भरलेला हप्ताच कळतो. म्हणून बोलायचे ते हप्ता चुकण्यापूर्वी बोलावे.