सुटका कोणाची?

आपल्या मराठीत मरणाला कितीतरी शब्द आहेत. कोणी वारतो, कोणी कैलासवासी होतो, कोणाची प्राणज्योत मालवते. पण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेला माणूस गेला, की तो ‘सुटतो’. ‘सुटला बिचारा!’ एवढे बोलून मयतीहून परतणारी मंडळी मोकळी होतात. या शब्दाने मला पुष्कळ छळले आहे. कारण वाचकहो, जन्मापासून माझे दोन्ही पाय अधू आहेत, आणि हा शब्द मी जिवंतपणीच स्वतःसाठी ऐकला आहे.

अकोल्याहून अमरावतीला येत होतो. एस.टी.ने मूर्तिजापूर सोडले, तेव्हा शेजारच्या बाई माझ्या कुबड्यांकडे पाहून आईला म्हणाल्या, “व माय, असं लेकरू देवानं लहानपणीच नेलं असतं, त तेही सुटलं असतं अन् तूही सुटली असती.” बाई दुष्ट नव्हत्या. थोड्या वेळाने त्यांनीच एक संत्रे सोलून माझ्या हातावर ठेवले. मी विचार करीत होतो, मला नेमके कशातून सुटायचे आहे? दुसऱ्या दिवशीच्या ट्युटोरियलमधून सुटायचे होते, हे मात्र खरे!

दयामरणाचा वाद निघाला, की मला या शब्दाची आठवण होते. 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर पाशवी हल्ला झाला आणि त्यांचा मेंदू कायमचा दुखावला. त्यांना या यातनांतून सोडवावे, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केला. तेथल्या परिचारिका म्हणाल्या, नाही, ती आमची आहे. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला. इतकी वर्षे अंथरुणात काढूनही त्यांच्या अंगावर जखमा झाल्या नव्हत्या. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या. दोन्ही पक्षांच्या मनात कणवच होती. पण जिच्याविषयी हा वाद, तिला एक शब्दही बोलता येत नव्हता.

म्हणूनच 9 मार्च 2018 चा निकाल मला मोलाचा वाटतो. बरे होण्याची आशा संपल्यावर यंत्रांच्या आधाराने जगवू नका, असे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा अधिकार त्याने माणसाला दिला. असह्य वेदना म्हणजे काय, हे धडधाकट माणसाने किंवा माझ्यासारख्याने दुसऱ्याला शिकवू नये. तेथे ज्याचा शब्द त्यानेच बोलावा.

पण कॅनडात 2021 साली कायदा पुढे सरकला. मरण जवळ आलेले नसले, तरी गंभीर आजाराने वा अपंगत्वाने असह्य क्लेश सोसणाऱ्यांनाही वैद्यकीय मदतीने मरणाची मुभा मिळाली. तेव्हा तेथल्या अपंगांच्या संघटनांनीच कडाडून विरोध केला. जगण्यासाठी मदत मिळत नाही आणि मरण्यासाठी मिळते, ही निवड कसली? त्यांचे म्हणणे मला पटते. एका कार्यालयात साध्या दाखल्यासाठी मी दोन मजले बसत बसत चढलो आहे. अशा वेळी कोणी ‘नको हे जगणे’ म्हणाला, तर दोष जगण्याचा की जिन्याचा?

‘सुटला’ या शब्दाच्या पोटात खरे तर दुसराच प्रश्न दडलेला असतो. माझी आई तो रात्री वडिलांना विचारते, “माझ्या माघारी याचं कसं होईल?” घराघरांतून हा प्रश्न आहे. आणि त्याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. अचलपूर तालुक्यातील वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली अपंग, मतिमंद, अंध मुले आपली म्हणून वाढवली, त्यांना स्वतःचे आडनाव दिले. अठरा वर्षे झाली म्हणून अशा मुलांना बालगृहातून बाहेर काढू नका, त्यांना आयुष्यभर घर द्या, अशी त्यांची शासनाकडे मागणी. 2024 साली बाबांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तेथे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली.

परीक्षा उत्तीर्ण न होणारीही तेथे पुष्कळ आहेत. कित्येकांना धड बोलता येत नाही, हाताने जेवता येत नाही. त्यांनाही वेळेवर ताट मिळते. मरणाच्या हक्कावर आपण जरूर वाद घालू. पण त्या वादाला बसण्यापूर्वी प्रत्येकाच्या ताटाची सोय झालेली असावी, एवढेच माझे मागणे आहे.